हरेल तिचा नेम

कोंडी ठाकरीण हरून जिंकते, असं तिच्या माहेरच्या वाडीत सगळे म्हणत आणि म्हणताना हसत. परक्या माणसाला वाटे, बिचारीची चेष्टा चाललीय. चेष्टा मुळीच नव्हती. कर्जतच्या वर डोंगराच्या कुशीत उंबराची वाडी म्हणून वीस-पंचवीस झोपड्यांची वस्ती होती, आणि तिथे सागरगोट्यांचा खेळच असा होता की हरल्याशिवाय जिंकायची सोय नव्हती.

सागरगोटे म्हणजे रानातल्या काटेरी वेलीच्या राखाडी, टणक बिया. पाच घ्यायच्या, एक वर उडवायची आणि ती खाली यायच्या आत जमिनीवरची उचलून वरची झेलायची. आधी एकी, मग दुकी, तिकी आणि शेवटी चौकी, म्हणजे चारही बिया एका झपाट्यात. शेजारचा गोटा हलला की बाद, झेल सुटला की बाद. इथवर सगळ्या मुलुखात एकच रीत. पण उंबराच्या वाडीत पहिला डाव नेमाचा असे आणि दुसरा खरा. पहिल्या डावात जी हरेल तिने खऱ्या डावाला एक नवा नेम घालायचा, आणि तो दोघींनी पाळायचा. हरलेलीला हात द्यावा म्हणून कुणी जुन्या बाईने ही रीत पाडली असणार. पण माणसाची जात अशी आहे की तिला दयेचा हात दिला तरी ती त्या हाताने दुसऱ्याची टोपी उडवते. पोरी पहिला डाव मुद्दाम हरायला शिकल्या.

कोंडी त्यात सगळ्यांची गुरू. ती अशी काही हरायची की समोरचीला वाटावं, आज हिचं नशीबच फुटकं. गोटा अगदी निसटता हलायचा, कोंडी ओठ चावायची, आणि मग सावकाश म्हणायची, “नेम माझा. हसंल ती बाद.” दुसरा डाव सुरू झाला की ती तोंड असं वेडंवाकडं करून बसायची की समोरची पोरगी दुकीलाच खुदकन हसून उठायची. कधी नेम झेलण्याआधी टाळी वाजवायचा, कधी एक डोळा मिटायचा, कधी झेलताना आपल्या धाकट्या भावाचं नाव घ्यायचा, आणि समोरचीला धाकटा भाऊच नसायचा. कोंडीचं डोकं या असल्या गोष्टीत फार चाले. शाळा डोंगरावर नव्हतीच, नाहीतर मास्तरांची धडगत नव्हती.

लग्न होऊन ती खालापूरकडच्या एका वाडीत गेली. खडकवाडी तिचं नाव. नवरा पदू, बोलायला कमी आणि कामाला वाघ. सासरा, दीर आणि सासू अंबू. अंबू म्हणजे खणखणीत बाई, कोयता डाव्या हातात धरून तिने लाकूड तोडायला घेतलं की पुरुष बाजूला सरत. सुनेला तिने छळलं नाही. लाडही केले नाहीत. सुनांनी सासरच्या वाडीत सागरगोटे हातात घ्यायचे नाहीत, अशी खडकवाडीची चाल होती, म्हणून कोंडीचा खेळ सुटला. अंगणातून बायकांचा गलका ऐकू यायचा, कुणीतरी नवा नेम ओरडून सांगायचं, आणि कोंडी आत नाचणी दळता दळता गालात हसायची. नेम घालते ती हरलेली की जिंकलेली, हे तिने कधी विचारलं नाही. पाणी उताराकडे जातं का, हे कोणी विचारतं का? तिला ते तितकंच उघड होतं.

मग मानमोडीचं साल आलं. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी तो ताप बोटींतून मुंबईत उतरला, तिथून आगगाडीने घाटाखाली आला आणि डोंगर चढून झोपडीझोपडीत शिरला. खडकवाडीत जाळायला लाकूड होतं, उचलायला माणसं नव्हती. अंबूचा नवरा गेला, धाकटा मुलगा गेला आणि त्याच आठवड्यात पदूही गेला. घरात उरल्या तीन बायका: अंबू, कोंडी आणि तिची नि पदूची लेक बुधी. बुधी तेव्हा चार वर्षांची होती.

कोंडी विशी नुकती ओलांडलेली. वर्ष सरता सरता तिचा भाऊ सदू आला, आणि त्याने दहिवलीजवळच्या वाडीतला वाघ्या नावाचा माणूस तिच्यासाठी पाहिला. ठाकरांत विधवेला पाट लावून दुसरं लग्न करायची मोकळीक आहे, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. वाघ्याची बायकोही मानमोडीतच गेली होती. तो एकदा येऊन अंगणात बसला, बुधीला त्याने करवंदं दिली आणि निघताना कोंडीकडे पाहून मान खाली घातली. कोंडीला तो आवडला. तिला जायचं होतं, हे स्पष्टच सांगायला हवं, कारण पुढे ती स्वतःच ते लपवत राहिली. तिला वाघ्याही हवा होता आणि बुधीही.

अडचण अशी की पाट लावून गेलेल्या बाईचं मूल बापाच्या घरी राहतं, ही जातीची रीत. सदूने खडकवाडीच्या पंचांना विनवलं. पोर लहान आहे, आईवाचून राहणार नाही, मोठी झाली की आणून सोडू, असं सगळं सांगून पाहिलं. पंच म्हणजे तापातून वाचलेले तीन म्हातारे. त्यांनी विडी ओढून संपवली आणि एकजण म्हणाला, “पोरगा असता त आमी बसलो असतो. पोरीचं काय ते बायांनीच मिटवावं.”

आणि खडकवाडीत बायकांची भांडणं मिटवायची रीत एकच होती. कोंबडी कुणाची, सरपणाची जागा कुणाची, विहिरीवर आधी कोण, अशा भांडणांना सागरगोटे. वाडीतली थोर बाई ठमी मध्ये बसे, आणि खेळून जे ठरेल ते दगडावरची रेघ. आजवर कुणी पोरासाठी खेळलं नव्हतं. पण अंबू म्हणाली, “खेळू. तू आता हितली सून ऱ्हायली नाईस, तुला चाल लागू नाय. बस.”

कोंडीला त्या रात्री झोप आली ती सुखाची. सागरगोटे म्हणजे तिचा हातचा मळ. म्हातारीला हरवायचं मनाला थोडं लागत होतं, पण लेक म्हटल्यावर तिथे लाज धरून भागतं का? तिने नेमसुद्धा ठरवून ठेवला. गोटा वर असताना दोनदा टाळी वाजवायची. अंबूची बोटं सांध्यांत सुजलेली होती, तिच्याच्याने ते होणार नव्हतं. आता एकच काम, पहिला डाव नीट हरणं.

सकाळी अंबूच्या अंगणात शेणाने सारवलेल्या जागी दोघी बसल्या. भोवती वाडीतल्या बायका होत्या, सदू कुडाला टेकून उभा होता आणि बुधी ठमीच्या मांडीवर बसून सगळ्यांकडे बघत होती. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. रीत त्याच्या अर्ध्यात बदलते, आणि भाषेसारखी ती कानाला कळतही नाही.

नेमाचा डाव सुरू झाला. अंबू एकी खेळली, दुकी खेळली आणि तिकीला गोटा तिच्या हातून निसटला. मग कोंडीची पाळी. एकी तिने सहज घेतली. दुकीला तिने बोट जरासं आडवं नेलं, शेजारचा गोटा तिळभर हलला, आणि कोंडीने ओठ चावला. बायकांनी मान हलवली. अंबूने मात्र कोंडीच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं.

“नेम माझा,” कोंडी म्हणाली.

मग ठमीने विचारलं, “तुझा कसा गं?”

“मी हरले ना. हरंल तिचा नेम.”

“असं कुठं असतं? जितंल तिचा नेम. जितली तिचा मान.”

“आमच्यात हरंल तिचा हाय,” कोंडी म्हणाली, पण तिचा आवाज आधीच खाली गेला होता.

“तुमच्यात असंल गं,” ठमी म्हणाली. तिच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता. “पोरगी आमच्यात हाय.”

कोंडीने एकेका बाईच्या तोंडाकडे पाहिलं. कुणीतरी हसेल, कुणीतरी म्हणेल की चेष्टा केली, असं तिला अजून वाटत होतं. तिच्या पाचावर धारण बसली. सदू पुढे होऊन काही सांगू लागला, तर बायकांनी त्याला पुरुषाने मध्ये पडू नये म्हणून बसवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच; कोंडीने तर हात दाखवायला रात्रभर तयारी केली होती. तिला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा राग जास्त आला, म्हणून ती रडली नाही.

“नेम सांग अंबे,” ठमी म्हणाली.

अंबूने सुजलेली बोटं चोळली. “डाव्या हातानं,” ती म्हणाली.

अंबू डावखुरी होती, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. कोंडीने सहा वर्षं तिच्या डाव्या हातातला कोयता पाहिला होता. खरा डाव लांबलाही नाही. कोंडीने डाव्या हाताने एकी काढली, दुकी काढली, तिकीला झेल तिच्या मनगटावर आपटून उडाला. अंबूने चौकी काढली, आणि गोटा तिच्या हातात होता.

खरा डाव जिंकणारीने शेवटचा शब्द सांगायचा, हीही तिथली रीत. अंबूने बुधीला ठमीच्या मांडीवरून उचलून आपल्याजवळ घेतलं आणि म्हणाली, “जा असं मी सांगत नाय. ऱ्हायलीस त आय. गेलीस त मावशी. पोरगी दोघींच्या मधी फाटाया नको. सणावाराला ये, बाजाराला भेट, पर मावशी म्हणून.”

म्हणजे राहायची वाट उघडी होती. कोंडीला ती दिसली. ती त्या क्षणी म्हणाली असती, राहते, तर पुढची सगळी गोष्टच झाली नसती. पण तिच्या डोक्यात एकच घुमत होतं, की मला फसवलं. फसवणाऱ्यांच्या दारात राहायचं कसं? शिवाय सदूने शब्द दिला होता, खाली वाघ्या वाट बघत होता. ती उठली, तिने बुधीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि भावाच्या मागून उतरायला लागली. वळून तिने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय उचलला नसता, हे तिला कळत होतं.

वाघ्या भला माणूस निघाला. कोंडीला त्याच्यापासून दोन मुलगे झाले. ती दहिवलीत आणि कर्जतच्या बाजारात पळसाची पानं, लाकडाची मोळी, पावसाच्या तोंडाशी शेवळाची रानभाजी विकायची. तिचं सगळं ठीक चाललं होतं असं कुणीही म्हणालं असतं. वाघ्या तर पहिल्या वर्षी दोनदा म्हणाला, “आणू की पोरीला. म्हातारीच्या पाया पडतो मी.” कोंडी म्हणाली, “खेळून हरलेलं मागायचं नसतं.”

पहिल्यांदा ती खडकवाडीला गेली ती गौरीच्या सणाला. बुधीने तिला पायवाटेवरच पाहिलं आणि “आये, आये” करत ती धावत सुटली. मागे दारात अंबू उभी होती. कोंडीने हात पसरले होते ते तसेच राहिले. पोर येऊन कमरेला बिलगली तेव्हा कोंडी म्हणाली, “आय नाय गं. मावशी म्हण.” बुधी हसली, तिला तो खेळ वाटला. ती पुन्हा आये म्हणाली, आणि कोंडी गप्प राहिली. मावशी म्हटल्याशिवाय ओ द्यायची नाही, असं तिने ठरवलं होतं, आणि पोराच्या जातीला ते तासाभरात समजलं. संध्याकाळी बुधी तिला “मावशे, मला पाणी दे” म्हणाली, आणि कोंडीने उठून पाणी दिलं. त्या दिवशी परत येताना ती वाटेतल्या एका खडकावर बसून ओक्साबोक्शी रडली. मग ओढ्यावर तोंड धुऊन घरी गेली, कारण घरी रडण्याचं कारण सांगण्यासारखं नव्हतं.

असं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात वर्षं गेली. तिच्यात एक खोड शिरली. पोरं कुठेही विटीदांडू मांडायला लागली की ती डोक्यावरची मोळी खाली ठेवायची आणि विचारायची, “आधी ठरवा रं, नेम कोण घालणार.” पोरं हसत. तिचे स्वतःचे मुलगे लाजेने मान फिरवत. सागरगोट्यांना तर ती शिवतही नसे.

अंबूशी तिचं भांडण झालं नाही कधी. दोघी चुलीपाशी बसत, पोरीला ताप किती आला, दात कधी पडला, असं बोलत. एका वर्षी दिवाळीच्या सुमारास अंबूला दम लागायला लागला होता, बुधी पाण्याला गेली होती, आणि म्हातारी अचानक म्हणाली, “कोंडे, तो पयला डाव तू मुद्दाम सोडलास ना?”

कोंडी चुलीत काटकी सारत राहिली.

“मी बगितलं तवाच. बोट वाकडं केलंस तू. मला वाटलं, हिला ऱ्हायचं हाय. भावाम्होरं तोंडानं सांगता येत नाय, म्हणून हरती. मला बरं वाटलं. म्हणून मी तसा शब्द सांगितला, ऱ्हायलीस त आय. मी वाट बघितली तू बोलशील म्हणून. आनि तू उठून चालाय लागलीस.”

कोंडीच्या हातातली काटकी चुलीत अर्धी जळून गेली. म्हातारी इतकी वर्षं तिला फसवणारी वाटत होती, आणि म्हातारी इतकी वर्षं तिच्याबद्दल काय समजत होती? पोरीसाठी हरून मग पोरीला टाकून गेलेली बाई. मी टाळ्या वाजवायचा नेम घालणार होते, तुझ्या सुजल्या बोटांवर डाव टाकणार होते, म्हणून हरले, हे सांगायचं कसं? कोंडीला सांगता आलं नाही. “सोडा आत्ये आता ते,” एवढंच ती म्हणाली. अंबूनेही ते पुन्हा कधी काढलं नाही.

त्यानंतर दोन पावसाळ्यांनी अंबू गेली. निरोप पोचेपर्यंत दहावा होऊन गेला होता. कोंडी एकटीच निघाली. बुधी आता पंधरा-सोळा वर्षांची, तिचं लग्न त्याच वाडीत ठरलेलं. वाटभर कोंडी मनात एकच हिशेब मांडत होती. तिच्या माहेरी नेम घालणारी खेळातून उठून गेली की तिचा नेमही उठायचा. अंबू उठून गेली होती. म्हणजे आता मोकळीक होती. पोरीला एकटं गाठून सांगायचं, आधी तिचा हात धरायचा, मग सांगायचं. ती रडेल, रागावेल, कदाचित बोलणारही नाही काही दिवस. ते सगळं सोसायची कोंडीची तयारी होती. अकरा वर्षं गप्प राहिलेल्या बाईला पोरीचा राग काय जड?

बुधी अंगण सारवत होती. शेणाचे हात तसेच ठेवून ती उठली, आणि कोंडीने ते हात तसेच धरले.

“बुधे, तुला सांगायचं हाय. मी तुझी मावशी नाय. मी आय हाय तुझी.”

बुधी रडली नाही, आणि रागावलीही नाही.

“ठावं हाय मावशे,” ती म्हणाली.

“तुला ठावं हाय?” कोंडी म्हणाली.

“कधीपास्नं ठावं हाय. सगळ्या वाडीला ठावं हाय, मलाच नसंल का? आजी म्हणायची, मावशीला इचारू नको, तिला तरास हुतो. म्हणून इचारलं नाय.”

“मग आता म्हण की,” कोंडी म्हणाली. “आता कोण हाय नको म्हणाया?”

बुधीने खरंच प्रयत्न केला. तिचं तोंड उघडलं, ओठ हलले. मग तिने मान खाली घातली आणि कोंडीच्या मनगटाला लागलेलं शेण आपल्या पदराने पुसायला लागली.

“येत नाय गं,” ती म्हणाली. “राग नाय माझा. पर येत नाय.”

आतून भाकरी करपल्याचा वास आला. बुधी हात धुऊन आत गेली आणि थोड्या वेळाने आतूनच तिने हाक मारली, “मावशे, पान वाढलंय. जेवून घे.”

कोंडीने ओ दिली आणि ती आत जाऊन पानावर बसली.